‘रेकुएर्दोस दे ला अलाम्ब्रा’: आधी गाणं, मग वेग

नोकियाच्या मोबाइलची ती प्रसिद्ध धून आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. ती फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या ‘ग्रान व्हाल्स’ या रचनेतून उचललेली आहे. पण शास्त्रीय गिटार शिकणाऱ्यांच्या तोंडी तारेगाचं नाव येतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच एका रचनेसाठी. ती म्हणजे ‘रेकुएर्दोस दे ला अलाम्ब्रा’, अलाम्ब्राच्या आठवणी. स्पेनमधल्या ग्रानादा शहरातल्या टेकडीवरच्या अलाम्ब्रा या राजवाड्यावरून तिला हे नाव मिळालं.

ही रचना पहिल्यांदा ऐकताना दोन गिटार वाजत असल्याचा भास होतो. एक खाली शांतपणे स्वर उलगडत असते आणि दुसरी वर एकच सूर थरथरवत लांबवत असते. प्रत्यक्षात वाजवणारा माणूस एकच असतो. ही थरथर पाहूनच शिकणारे तिच्याकडे ओढले जातात आणि बहुतेक जण तिथेच अडकतात. माझं मत स्पष्ट आहे: ही बोटांच्या वेगाची रचना नाही, हे एक संथ गाणं आहे. ते शिकायचा क्रमही तसाच हवा.

आधी तयारीचं बोलू. आपली गिटार नायलॉनच्या तारांची हवी. स्टीलच्या तारांवर ही रचना नीट उमटत नाही आणि नखांचेही हाल होतात. पट्टीवरच्या स्वरांची ओळख, बार (एकाच बोटाने अनेक तारा दाबणं) आणि उजव्या हाताने साधे अर्पेजिओ (स्वरमेळातले स्वर एकामागून एक वाजवणं) एवढं यायला हवं. ते अजून कच्चं असेल तर तारेगाच्याच ‘लाग्रिमा’ आणि ‘आदेलिता’ या छोट्या रचना आधी करा. दोन्ही एकेका पानात बसतात आणि ओळ गाती कशी ठेवायची ते दोन्ही उत्तम शिकवतात.

आता ही थरथर म्हणजे काय ते पाहू. गिटारची तार छेडली की तिचा आवाज लगेच उतरायला लागतो. व्हायोलिनचा गज किंवा गायकाचा श्वास सूर धरून ठेवतो, तशी सोय इथे नाही. संतूरचीही हीच अडचण आहे. म्हणून एकच स्वर इतक्या भरभर पुन्हा पुन्हा छेडायचा की कानाला तो सलग वाटावा. यालाच ट्रेमोलो म्हणतात.

या रचनेत चार-चार स्वरांचे गट आहेत. पहिला स्वर अंगठ्याचा, खालच्या साथीचा. पुढचे तीन अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी या क्रमाने एकाच तारेवर पडतात. स्पॅनिश नावांच्या आद्याक्षरांवरून गिटारवादक याला ‘पी-ए-एम-आय’ म्हणतात. ताल तीन मात्रांचा आहे आणि प्रत्येक मात्रेत असे दोन गट बसतात. म्हणजे एका आवर्तनात सहा गट, 24 स्वर. अंगठ्याचे ठोके मिनिटाला 144 धरले तर सेकंदाला साडेनऊहून अधिक स्वर होतात. हा आकडा पाहून घाबरू नका, तिथवर जायची घाई तर अजिबात नको.

पहिली पायरी ऐकण्याची. आंद्रेस सेगोविया, जॉन विल्यम्स, पेपे रोमेरो, डेव्हिड रसेल या गिटारवादकांची ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. निदान दोघांना तरी ऐका. ऐकताना बोटांचा विचार सोडून द्या आणि ओळ कुठे सुरू होते, कुठे चढते, कुठे टेकते एवढंच पाहा. एकच वादक सारखा ऐकत राहिलात तर आपण नकळत त्याची नक्कल करू लागतो.

दुसरी पायरी म्हणजे नकाशा. रचनेचे दोन मोठे भाग आहेत. पहिला ए मायनरमध्ये, उदास. दुसरा ए मेजरमध्ये. तिथे तीन तीव्र स्वर येतात आणि सगळं एकदम उजळतं. शेवटी छोटी समाप्ती येते, तीही ए मेजरमध्येच. ‘लाग्रिमा’त नेमकं उलटं आहे, तिथे मेजरमधून मायनरकडे जायचं असतं. या दोन भागांचा रंग वेगळा उमटला पाहिजे हे स्वरलिपीवर पेन्सिलीने आत्ताच लिहून ठेवा. नाहीतर पुढे बोटांच्या गडबडीत ते विसरायला होतं.

तिसऱ्या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. ट्रेमोलो पूर्ण बाजूला ठेवून फक्त वरची ओळ वाजवा. जिथे तोच स्वर तीन-तीनदा येतो तिथे तो एकदाच छेडा आणि वाजू द्या. मग ती ओळ गुणगुणा. आवाज चांगला नसला तरी चालेल. जिथे आपल्याला आपोआप श्वास घ्यावासा वाटेल तिथे स्वल्पविराम काढा. एका श्वासात मावणारा तो तुकडा म्हणजे फ्रेज, संगीतातलं एक वाक्य. प्रत्येक वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा स्वर शोधून त्याला गोल करा. बहुतेकदा तो सर्वांत उंच स्वर असतो, पण नेहमीच नाही. कधी खालचा खर्ज बदलतो आणि वरच्या त्याच स्वराला एकदम नवा अर्थ येतो. अशी जागा सापडली की तिच्यावर जरा थांबा.

मराठी कान नाट्यसंगीत आणि ख्यालावर वाढलेला असतो. ओळ कुठे वळते, गायक समेवर कसा येतो हे आपल्याला शिकवावं लागत नाही. ते सगळं इथे उपयोगी पडतं, फक्त गिटार हातात घेतल्यावर विसरायचं नाही.

चौथी पायरी अंगठ्याची. अंगठ्याचा भाग वरवर पाहता सहा सारख्या ठोक्यांचा दिसतो, पण त्यात दोन आवाज दडलेले आहेत. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरचा खर्ज लांब वाजत राहायला हवा आणि बाकीचे स्वर मधली साथ म्हणून हलके यायला हवेत. पहिल्याच आवर्तनात खाली पाचवी तार मोकळी वाजते आणि मधले स्वर ए मायनरच्या स्वरमेळातून वर चढून परत उतरतात. हा भाग स्वतंत्रपणे, ट्रेमोलोशिवाय, एखादं सुंदर छोटं अर्पेजिओ असल्यासारखा वाजवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सगळे ठोके सारख्याच जोराने पडणं. मग पुढे ट्रेमोलो मिळवला की अंगठा वरच्या ओळीचे तुकडे करतो.

आता बोटं. पण त्याआधी नखं पाहा. बोटाच्या मांसाच्या पुढे एक-दोन मिलिमीटर नख पुरे. कानशीने गोलाई द्या आणि शेवटी अगदी बारीक पॉलिश पेपर फिरवा. नखाला खरखरीत कड राहिली की ते तारेत अडकतं आणि आपण उगीच बोटाला दोष देत बसतो. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत तारेगा नखांशिवाय, बोटांच्या मांसाने वाजवत असे, म्हणजे तसाही मार्ग आहे. पण नवशिक्याला नखांनी हे काम सोपं जातं.

पाचव्या पायरीवर डावा हात मांडीवर ठेवा. उजव्या हाताने मोकळ्या तारांवर पी-ए-एम-आय, अतिशय सावकाश. मेट्रोनोमच्या (लयीचे ठोके देणारं यंत्र किंवा अॅप) एका ठोक्याला एकच स्वर, ठोके मिनिटाला 60. प्रत्येक बोट छेडून झालं की पुढचं बोट तारेवर टेकवून ठेवायचं आणि मगच छेडायचं. आवाज तुटक येईल, तो तसाच यायला हवा. बोटाला तारेवरची आपली जागा यातूनच कळते.

ट्रेमोलो सर्वांत जास्त बिघडतो तो इथेच. चार स्वर समान अंतरावर पडण्याऐवजी घोड्याच्या टापांसारखे पडायला लागतात: तीन पटापट आणि मग खड्डा. कारण बहुतेकदा तर्जनी आणि अंगठा यांच्यामध्ये असतं. तर्जनी छेडून झाली की हात क्षणभर सुस्तावतो आणि अंगठा उशिरा येतो. यावर दोन उपाय आहेत. एक, जोर फिरता ठेवा: काही वेळ फक्त अनामिका ठळक, मग फक्त मधलं बोट, मग तर्जनी. दोन, बोटं दुसऱ्या तारेवर आणि अंगठा तिसऱ्या तारेवर ठेवून सराव करा. तिथे जागा अरुंद असते आणि बोटं शेजारच्या पहिल्या तारेला लागतात. रचनेतही ट्रेमोलो दुसऱ्या तारेवर येतोच, त्यामुळे हा सराव टाळून चालत नाही. दुसऱ्या तारेवर जमलं की पहिल्या तारेवर मोकळं वाटायला लागतं.

ट्रेमोलोचा सराव एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटांहून जास्त करू नका. खांदा वर उचलला गेलाय का, मनगट ताठ झालंय का, हे मधूनमधून पाहा. थकवा येणं ठीक आहे, दुखणं नाही. दुखलं की थांबायचं.

सहावी पायरी डाव्या हाताची. उजव्या हाताने ट्रेमोलो न करता प्रत्येक आवर्तनाचे डाव्या हाताचे आकार एकेका स्वरमेळासारखे एकदम दाबून पाहा. कुठलं बोट जागेवर राहतं, कुठलं तारेवरून सरकतं, कुठलं नव्याने येतं, ते ठरवा. जे बोट जागेवर राहू शकतं ते उचलू नका, विशेषतः खर्जाचं. वरचा स्वर बदलायच्या नादात खर्जाचं बोट उठतं, खालचा आवाज मरतो आणि सगळा आभास तिथेच संपतो. बारमध्ये सहाही तारा ताकदीने दाबायची गरज क्वचितच असते. त्या आवर्तनात कुठल्या तारा खरोखर वाजतात ते पाहून तेवढाच दाब द्या.

सातव्या पायरीवर दोन्ही हात एकत्र आणा, पण पूर्ण रचना घेऊ नका. एकच वाक्य घ्या, आपण काढलेल्या एका स्वल्पविरामापासून दुसऱ्यापर्यंत. मेट्रोनोमवर आता एक ठोका म्हणजे अंगठ्याचा एक फटका, मिनिटाला 60. इथे चारही स्वर वेगळे ऐकू येतात, ट्रेमोलोसारखं काही वाटत नाही, आणि शिकणारे हिरमुसतात. पण याच वेगात चढ-उतार घालायला लागा. वाक्यातल्या गोल केलेल्या स्वराकडे जाताना बोटं तारेत किंचित खोल जाऊ द्या, उतरताना हलकी होऊ द्या. ‘भाव नंतर घालू’ असं म्हणणाऱ्यांचा भाव सहसा येतच नाही, कारण बोटांना तोवर सपाट वाजवायची सवय झालेली असते.

मग ठोके चार-पाचने वाढवत जा. शंभरच्या आसपास बऱ्याच जणांचा तो खड्डा पुन्हा डोकं वर काढतो. तसं झालं तर परत ऐंशीवर या. सव्वाशेनंतर कानाला सलगपणा जाणवायला लागतो. 130 ते 150 या पट्ट्यात रचना आरामात बसते. त्यापुढे नेण्यात मला काही अर्थ दिसत नाही, तिच्यातला संथपणाच हरवतो.

आता जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती शेवटची पायरी. लय ओढणं-सोडणं, ज्याला पाश्चात्य संगीतात रुबातो म्हणतात, ते या रचनेत हवंच. पण ते कुठे घालायचं हे नीट समजून घ्या. वाक्याच्या टोकाला सावकाश व्हायचं असेल तर अंगठ्याचे ठोके लांबवा आणि चारही स्वर समान अंतराने पसरू द्या. फक्त शेवटचा स्वर उशिरा आणलात तर ती अभिव्यक्ती वाटत नाही, चूक वाटते. दुसरा घोटाळा म्हणजे आवाज वाढवताना वेगही वाढणं. तो तपासायला तेच वाक्य मेट्रोनोमवर एकदा फक्त मोठ्याने आणि एकदा फक्त हळू आवाजात वाजवून पाहा.

रंगासाठी उजव्या हाताची जागा बदला. बोटं गोल छिद्राकडे नेली की आवाज मऊ होतो, पुलाकडे (तारा जिथे लाकडाला बांधलेल्या असतात तिथे) नेली की धारदार. मायनर भाग छिद्राजवळ आणि मेजर भाग किंचित पुलाकडे सरकून वाजवून बघा. एवढ्या छोट्या बदलानेही तो उजेड ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो. मात्र हात सरकवायची जागा आधी ठरवून ठेवा. वाजवता वाजवता सुचलं म्हणून सरकवला तर ट्रेमोलो हमखास डळमळतो.

एक सवय आजपासूनच मोडा: प्रत्येक वेळी पहिल्या आवर्तनापासून सुरुवात करणं. त्यामुळे सुरुवात छान होते आणि मेजर भाग कायम कच्चा राहतो. एक दिवस शेवटच्या वाक्यापासून, एक दिवस मधल्यापासून सुरुवात करा. आठवड्यातून एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना आपल्याला अंगठा मोठा वाटत नाही, रेकॉर्डिंगमध्ये तो लगेच कळतो.

ही रचना चांगली बसायला नियमित सराव करणाऱ्यालाही वर्षभर लागू शकतं, त्यात कमीपणा नाही. तारेगाचं निधन 1909 साली झालं. त्याच्या रचनांवर आता स्वामित्वहक्क नाही, स्वरलिपी मोफत आणि कायदेशीरपणे मिळते. मात्र प्रत निवडताना डाव्या हाताच्या बोटांचे आकडे दिलेली घ्या, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत एकदा तरी जाणत्या शिक्षकाला आपला उजवा हात दाखवून घ्या. स्वतःच्या हाताचा ताठरपणा स्वतःला दिसत नाही.