हृच्छूल

हृच्छूल : हृदयाच्या स्नायूला त्याच्या गरजेइतके प्राणवायुयुक्त रक्त न मिळाल्यामुळे छातीत उद्भवणाऱ्या वेदनेस किंवा दडपणाच्या संवेदनेस ‘हृच्छूल’ म्हणतात. पाश्चात्त्य वैद्यकात तिला ‘अंजायना पेक्टोरिस’ ही लॅटिन संज्ञा असून बोलभाषेत ‘छातीत कळ येणे’, ‘छाती आवळणे’ असे शब्दप्रयोग रूढ आहेत. हृच्छूल हा स्वतंत्र रोग नसून बहुधा हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या विकाराचे ते लक्षण असते. छातीतील प्रत्येक वेदना हृदयातून उद्भवत नाही आणि हृदयाची प्रत्येक व्यथा वेदनेच्याच रूपाने प्रकट होते असेही नाही. या दुहेरी अडचणीमुळे विकार ओळखण्यास विलंब लागतो व पुष्कळदा हा विलंबच प्राणघातक ठरतो. मोठ्या रुग्णालयापासून दूर राहणाऱ्यांच्या बाबतीत त्याला विशेष महत्त्व येते. म्हणून प्रस्तुत नोंदीत सातारा व सांगली या जिल्ह्यांतील परिस्थितीचाही विचार केला आहे.

इतिहास : चरकसंहितेत हृद्रोगाचे वातज, पित्तज, कफज, सांनिपातिक व कृमिज असे पाच प्रकार वर्णिलेले आहेत. विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्यांनी १७६८ मध्ये लंडन येथे वाचलेल्या निबंधात चालताना, विशेषतः चढण चढताना, छातीत उद्भवणाऱ्या आणि थांबताच नाहीशा होणाऱ्या वेदनेचे वर्णन केले व तिला अंजायना पेक्टोरिस हे नाव दिले. हा निबंध १७७२ मध्ये प्रसिद्ध झाला. विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये नायट्रोग्लिसरिनाचा या विकारावरील उपयोग प्रसिद्ध केला. व्हिलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विद्युत् हृल्लेखनाचे उपकरण तयार केले. या कार्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हृद्‌रोहिणी एकाएकी बंद झाली, तर मृत्यू तत्काळ व अटळ असतो, असा पूर्वी समज होता. जेम्स हेरिक या अमेरिकन वैद्यांनी १९१२ मध्ये असे रुग्ण जगूही शकतात, हे दाखवून दिले. वेळीच केलेल्या उपचाराने रुग्ण वाचविता येईल, या पुढील सर्व विचाराचा पाया या निरीक्षणात आहे.

विकृतिविज्ञान : प्रौढ व्यक्तीचे हृदय सु. २५० ते ३५० ग्रॅ. वजनाचे असून ते दिवसातून सु. एक लाख वेळा आकुंचन पावते. त्याच्या कप्प्यांतून सतत रक्त वाहत असले, तरी त्याच्या जाड स्नायूचे पोषण त्या रक्तातून होत नाही. ते महारोहिणीच्या मुळापासून निघणाऱ्या उजव्या व डाव्या हृद्‌रोहिण्यांमार्फत होते. विश्रांतीच्या वेळीही हृदयाचा स्नायू रक्तातील बहुतेक प्राणवायू शोषून घेत असल्यामुळे श्रमाच्या वेळची वाढीव गरज केवळ रक्तप्रवाह वाढवूनच भागविता येते. रोहिणीच्या भित्तीत वसायुक्त द्रव्याचे थर साचून तिची पोकळी अरुंद झाली म्हणजे ही वाढ शक्य होत नाही. पोकळीचा व्यास सु. ७० टक्क्यांनी कमी झाला की विश्रांतीत काहीही न जाणवणाऱ्या व्यक्तीला श्रम करताना हृच्छूल होऊ लागतो.

हृदयविकाराचा झटका ही याच्या पुढची घटना होय. साचलेल्या थरावरील पातळ आवरण फाटते, तेथे रक्ताची गुठळी तयार होते आणि रोहिणी पूर्णपणे बंद पडते. तिच्यावर अवलंबून असलेल्या ऊतकाचा (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाचा) मृत्यू २० ते ३० मिनिटांत सुरू होतो आणि पुढील काही तासांत तो हृद्‌भित्तीच्या आतील बाजूकडून बाहेरील बाजूकडे पसरत जातो. फाटणारा थर नेहमी मोठा असतोच असे नाही. त्यामुळे पूर्वी कधीही हृच्छूल न झालेल्या व्यक्तीलाही झटका येऊ शकतो.

लक्षणे : वेदना उरोस्थीच्या मागे, छातीच्या मध्यभागी जाणवते. ती टोचल्यासारखी क्वचितच असते. ओझे ठेवल्यासारखे, आवळल्यासारखे किंवा आत काही दाटून आल्यासारखे वाटते, असे रुग्ण सांगतो. वेदनेची जागा दाखविताना तो सामान्यतः एक बोट न ठेवता तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो. वेदना डाव्या किंवा दोन्ही हातांत, मानेत, जबड्यात, पाठीत वा पोटाच्या वरच्या भागात पसरते. चढण, भरल्या पोटी केलेले श्रम, थंड वारा व मनःक्षोभ यांमुळे ती सुरू होते आणि विश्रांती घेतल्यावर काही मिनिटांतच थांबते. अजिंक्यताऱ्याची चढण रोज चढणाऱ्यास ठराविक वळणावर थांबावेसे वाटू लागणे किंवा उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या ऊसतोड कामगारास त्याच वेळी छाती भरल्यासारखी वाटणे, ही स्थिर हृच्छूलाची नमुनेदार उदाहरणे होत. अशा व्यक्ती नकळत चाल मंदावतात आणि वेदना होत नाही म्हणून विकार नाही, असे समजतात.

पूर्वीपेक्षा कमी श्रमाने, वारंवार किंवा विश्रांतीतही वेदना होऊ लागल्यास तिला अस्थिर हृच्छूल म्हणतात. झटक्याची ती पूर्वसूचना असू शकते. वेदना १५ ते २० मिनिटांहून अधिक टिकली व तिच्या जोडीला थंड घाम, मळमळ, धाप किंवा घाबरल्यासारखे वाटणे ही लक्षणे असली, तर झटकाच आला आहे असे गृहीत धरावे. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात वेदना अल्प असू शकते किंवा मुळीच नसते. अकारण थकवा, धाप, उलटी किंवा अंधारी येणे एवढीच लक्षणे आढळतात. घरातील वृद्धेच्या अशा तक्रारीकडे उन्हाचा किंवा उपवासाचा परिणाम म्हणून दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

इतर कारणे : जठरातील अम्ल ग्रासनलीत परत आल्यास छातीत जळजळ होते, ती जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढते व तोंडात आंबट पाणी येते. बरगड्यांच्या कूर्चेचा शोथ किंवा स्नायूची लचक यांत दुखरी जागा बोटाने दाखविता येते व दाबल्यावर अधिक दुखते. फुप्फुसावरणशोथातील वेदना श्वास घेताना वाढते. नागीण या विकारात पुरळ उठण्यापूर्वी काही दिवस छातीच्या एकाच बाजूस दाह होतो. तीव्र चिंतेमुळेही छाती धडधडते व श्वास अपुरा वाटतो. फुप्फुस-रोहिणीत गुठळी अडकणे आणि महारोहिणीची भित्ती चिरणे ही कारणे विरळ असली, तरी झटक्याइतकीच गंभीर आहेत.

झटक्याची वेदना पोटाच्या वरच्या भागात जाणवू लागली म्हणजे ती पित्ताची किंवा वायूची समजली जाते. ओवा, सोडा किंवा अम्लनाशक गोळी घेऊन थोडे बरे वाटले, तरी त्यावरून हृदय निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही. कारण हृच्छूल आपोआपही काही काळ ओसरतो. चाळिशी उलटलेल्या व्यक्तीला प्रथमच असे ‘पित्त’ झाले व घाम सुटला, तर विद्युत् हृल्लेख काढल्याखेरीज ते पित्त मानू नये.

बालकांत व तरुणांत आढळणारा संधिज्वरजन्य हृद्‌रोग याहून वेगळा आहे. विशिष्ट मालागोलाणूंमुळे घसा येतो व त्यानंतर उद्भवणाऱ्या संधिज्वरात हृदयाच्या झडपा बिघडतात. अशा रुग्णांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनाची अंतःक्षेपणे देऊन पुढील हानी टाळता येते. पश्चिम महाराष्ट्रातील खडकाळ भागांत व कोकणात आढळणाऱ्या लाल विंचवाच्या दंशानेही हृदयावर ताण पडून फुप्फुसात द्रव साचतो. महाड (जि. रायगड) येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या अवस्थेत प्राझोसीन हे औषध गुणकारी असल्याचे दाखवून दिले (१९८६).

निदान : संशयित रुग्णाचा विद्युत् हृल्लेख रुग्णालयात पोहोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत काढला जावा, असा संकेत आहे. पहिला हृल्लेख निर्दोष आला तरी विकाराची शक्यता संपत नाही. लक्षणे टिकून असल्यास तो पुनःपुन्हा काढतात व रक्तातील ट्रोपोनिन या प्रथिनाचे प्रमाण काही तासांच्या अंतराने तपासतात. स्थिर हृच्छूलात श्रमचाचणी, श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने केलेले हृत्परीक्षण आणि आवश्यकतेनुसार हृद्‌रोहिणीचित्रण यांचा अवलंब करतात.

उपचार : लक्षणे जाणवताच रुग्णाने श्रम थांबवून बसावे किंवा टेकून पडावे. त्याने चालत किंवा स्वतः दुचाकी चालवीत दवाखान्यात जाऊ नये. ॲस्पिरिनाची अधिहर्षता (ॲलर्जी), जठरव्रण किंवा रक्तस्राव यांचा इतिहास नसल्यास ३०० मिग्रॅ.च्या सुमाराची एक गोळी चावून खावी. वैद्याने पूर्वी दिलेली नायट्रेटाची गोळी असल्यास ती बसूनच जिभेखाली ठेवावी. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या दूरध्वनी क्रमांकावर रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. रुग्ण बेशुद्ध पडून त्याचा श्वास थांबल्यास त्याला कठीण पृष्ठभागावर उताणे निजवून छातीच्या मध्यावर मिनिटास १०० ते १२० या गतीने, सु. ५ सेंमी. खोल दाब देत राहावे व मदत येईपर्यंत थांबू नये.

रुग्णालयातील मुख्य उपचाराचा उद्देश बंद रोहिणी उघडणे हा असतो. ते दोन प्रकारे साधते. गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून देता येते. १९८० नंतरच्या दशकात मोठ्या चाचण्यांतून त्याची व ॲस्पिरिनाची उपयुक्तता सिद्ध झाली. दुसऱ्या पद्धतीत रोहिणीत नलिका घालून तिच्या टोकावरील फुगा फुगवितात व जाळीदार नळी बसवितात. हृद्‌रोहिणीवर फुग्याचा उपचार आंड्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिक येथे १९७७ मध्ये प्रथम केला. दोन तासांच्या आत उपलब्ध होत असल्यास ही दुसरी पद्धत श्रेष्ठ मानतात. ते शक्य नसल्यास व औषधास मनाई करणारे कारण नसल्यास पहिली पद्धत विनाविलंब वापरून नंतर रुग्णास मोठ्या रुग्णालयात हलवितात. अनेक रोहिण्या अरुंद असल्यास पर्यायी वाहिनी जोडण्याची, म्हणजे ‘बायपास’ शस्त्रक्रिया करतात.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील परिस्थिती : या दोन जिल्ह्यांत आधुनिक वैद्यकाची परंपरा जुनी आहे. विल्यम वॉनलेस यांनी मिरज येथे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये सुरू केले. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये आणि कराड येथे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये स्थापन झाले. साताऱ्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१–२२ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाले. तथापि ही सर्व ठिकाणे कृष्णेच्या खोऱ्यात व मुख्य मार्गांच्या आसपास आहेत. पश्चिमेस महाबळेश्वर, जावळी, पाटण व शिराळा या तालुक्यांतील डोंगराळ वस्त्या आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी व जत या तालुक्यांतील विरळ वस्तीची गावे यांपासून ती दूर पडतात. कोयना जलाशयापलीकडील कांदाटी खोऱ्यात तर प्रवासाचा काही भाग लाँचने करावा लागतो. जत तालुक्याच्या टोकाच्या गावाहून किंवा कोयनेच्या खोऱ्यातून निघालेला रुग्ण मोठ्या शहरात पोहोचेपर्यंत दोन तासांची मर्यादा उलटून जाऊ शकते.

रस्त्यावरील वेळ रुग्णाच्या हाती नसतो. घरात दवडलेला वेळ मात्र त्याच्या व कुटुंबीयांच्या हाती असतो. दुपारी सुरू झालेली कळ रात्रीपर्यंत अंगावर काढली, तर जवळचे रुग्णालयही दूर पडते. म्हणून दूरच्या गावातील कुटुंबाने आपल्या भागात विद्युत् हृल्लेख काढण्याची व गुठळी विरघळविणारे औषध देण्याची सोय कोणत्या रुग्णालयात आहे, याची माहिती आधीच करून घ्यावी. प्रसिद्ध पण दूरच्या रुग्णालयाकडे थेट धाव घेण्यापेक्षा अशा जवळच्या ठिकाणी प्रथमोपचार घेऊन पुढे जाणे बहुधा अधिक हितावह ठरते. संशय चुकीचा ठरल्यास एक फेरी व्यर्थ जाते; खरा ठरून दुर्लक्षिला गेल्यास हृदयाचा गेलेला भाग पुन्हा निर्माण होत नाही.

प्रतिबंध : ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या पाहणीत (२००४) झटक्याच्या संभवाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग नऊ घटकांशी निगडित असल्याचे आढळले. धूम्रपान, रक्तातील वसांचे विषम प्रमाण, अतिरिक्त रक्तदाब, मधुमेह, पोटाचा स्थूलपणा, मानसिक ताण, फळे व भाज्यांचा अल्प आहार आणि व्यायामाचा अभाव हे त्यांतील प्रमुख होत. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सु. पाच-सहा वर्षे आधी येतो, असेही तीत दिसून आले. ग्रामीण भागात विडी व तंबाखूबरोबर स्त्रियांमध्ये मिश्री लावण्याची सवय आढळते. मिश्री ही भाजलेली तंबाखूच असून तिच्यातील निकोटिनामुळे हृदयाची गती व रक्तदाब वाढतात. ती दातांचे औषध समजणे चुकीचे आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅ.पेक्षा कमी असावे. लोणचे, पापड व ठेचा यांतील मीठही या हिशेबात धरले पाहिजे. आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम करावा. रक्तदाब सातत्याने १४०/९० मिमी. (पारा) किंवा त्याहून अधिक असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि बरे वाटते म्हणून औषध स्वतः बंद करू नये. अतिरिक्त रक्तदाब व मधुमेह हे दोन्ही विकार वर्षानुवर्षे वेदनेवाचून वाढत असल्यामुळे तिशीनंतर त्यांची नियमित तपासणी करणे आवश्यक असते.