इलेक्ट्रिक कार : कोणते पर्याय, काय फरक?

बॅटरी : क्षमता किलोवॅट-तासांत मोजतात, १ किलोवॅट-तास म्हणजे विजेचे १ युनिट. एलएफपी बॅटरी उष्णता चांगली सोसते, जास्त वर्षे टिकते, पण वजनाला भारी. एनएमसीत त्याच वजनात जास्त ऊर्जा मावते. रोजच्या वापरात ती सहसा ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करण्याची शिफारस असते.

घरचे चार्जिंग : निवडीत सर्वांत दुर्लक्षित, पण रोज जाणवणारा भाग. १६ अँपियरच्या सॉकेटवर सुमारे ३.३ किलोवॅट मिळतात. ७.२ किलोवॅटच्या वॉलबॉक्सला ३२ अँपियरची वेगळी वायरिंग लागते, ११ किलोवॅटला थ्री-फेज जोडणी. ४५ किलोवॅट-तासांची रिकामी बॅटरी सॉकेटवर १४-१५ तासांत भरते, ७.२ किलोवॅटवर सुमारे सात तासांत. मात्र कमाल वेग गाडीतला ऑन-बोर्ड चार्जर ठरवतो. तो ३.३ किलोवॅटचा असेल, तर मोठ्या वॉलबॉक्सने वेळ वाचत नाही.

जलद चार्जिंग : डीसी. भारतातील नव्या कारमध्ये मुख्यतः सीसीएस-२ सॉकेट.

मोठी चाके : रेंज थोडी घटते.

व्हीटूएल : गाडीच्या बॅटरीवर बाहेरची उपकरणे चालवण्याची सोय.

जीएसटी : १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के, त्याआधी १२.