बाळाची उलटी: किती यापेक्षा कशी, ते पाहा

दूध पिऊन झालं की बाळाच्या ओठांच्या कडेने थोडं दूध ओघळतं, ढेकरेबरोबर दह्यासारखी गुळणी खांद्यावर येते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायू पहिल्या काही महिन्यांत पुरेसा आवळलेला नसतो, म्हणून हे घडतं. बाळ हसतंखेळतं असेल, वजन वाढत असेल, तर औषध लागत नाही. बहुतेकांचं हे वर्षभरात आपोआप थांबतं. ‘सगळीच बाळं दूध टाकतात’ हा घरातल्या मोठ्यांचा दिलासा म्हणूनच बहुतेक वेळा खरा ठरतो.

मात्र तो प्रत्येक उलटीला लावणं धोक्याचं आहे. उलटी हिरवी असेल तर त्यात पित्त आहे. आतड्याला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. अशा वेळी तडक रुग्णालय गाठावं. २ ते ८ आठवड्यांचं बाळ दर वेळी प्यायल्यावर जोरात, लांब उडणारी उलटी करत असेल आणि लगेच पुन्हा भुकेलं होत असेल, तर जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड झालेला असू शकतो. शस्त्रक्रियेने तो त्रास पूर्ण बरा होतो. उलटीत रक्त, फुगलेलं पोट, सुस्ती, खोल गेलेली टाळू, बराच वेळ कोरडं लंगोट, किंवा ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ताप, यांपैकी काहीही दिसलं तरी डॉक्टरांना लगेच दाखवावं. उगाच धावपळ होईल, असं वाटेल. पण तपासणीत काही न निघणं हा तोटा नव्हे. घुटी देऊन वाट पाहण्यात गेलेले तास मात्र भरून येत नाहीत.