पालीचे बारसे

आमच्या घराण्यात बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, आणि 'कुर्र' केल्यावर पाठीत बसणारे धपाटेही आत्याचेच. दोन्ही मी आजवर चार वेळा आनंदाने घेतले. पाचव्या खेपेस मात्र माझी फजिती झाली, कारण जिचे नाव ठेवावयाचे होते ती होती एक पाल!

त्याचे असे झाले. माझ्या थोरल्या भावाची मुलगी प्राणिशास्त्रात संशोधन करते. 'प्राणिशास्त्रात' हा शब्द वहिनींचा. चारचौघांत त्या याच्या पुढे जात नाहीत. मुलगी पालींचा अभ्यास करते असे सांगितले की समोरच्या बाईंच्या हातातली बशी कलते, असा त्यांचा अनुभव आहे. गेल्या गणपतीत भाची घरी आली आणि मोदक खाता खाता म्हणाली, "आत्या, मला बहुधा एक नवी जात सापडली आहे." सह्याद्रीतल्या एका सड्यावर, कातळाच्या फटीत राहणारी, बोटाएवढी, दिवसा हिंडणारी, गोल बाहुलीच्या डोळ्यांची पाल.

मी सवयीने विचारले, "मग बारसे कधी?"

"सापडून तीन वर्षे झाली. नाव मनात आहे. पण छापून येत नाही तोवर ते नावच नाही."

मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. छापलेल्या शब्दाचा मला आदर आहे, पण एखाद्या जिवाचे अस्तित्व छापखान्यावर अवलंबून असावे हे ऐकून मी चाटच पडले. प्राण्यांची नावे कशी ठेवावी याची एक आंतरराष्ट्रीय नियमसंहिता आहे. लिनीअस या स्वीडिश पंडिताच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली, तिथपासून ही नावे मोजतात. नाव रीतसर प्रसिद्ध झाले पाहिजे, ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो जपून ठेवला पाहिजे, आणि दोघांनी एकाच प्राण्याला नाव दिले तर ज्याचे आधी छापले त्याचे टिकते. म्हणजे माझ्या भाचीच्या आधी दुसऱ्या कुणी त्याच पालीचे नाव छापले, तर हिची तीन वर्षे पाण्यात! आणखी एक मौज ऐका. लेख कुणा जाणत्याने तपासलाच पाहिजे, अशी अट त्या संहितेत नाही. त्यामुळे स्वतःचेच मासिक काढून, स्वतःच संपादक होऊन, भराभर नावे ठेवणारे महाभागही जगात निघाले आहेत. पुढच्या मंडळींना ती नावे निस्तरत बसावे लागते.

पूर्वी हे काम कसे चाले, हे भाचीने मला एका जोडीवरून समजावले. कोयनेचे धरण उभे राहत होते त्या काळात, १९६३ साली, सोमन यांनी तिथल्या एका भेकाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला कोयनेचेच नाव दिले. लेखक एक, अंक छापील. त्याच भेकाची सख्खी बहीण शोभावी अशी दुसरी जात आंबोलीत निघाली, तिचे वर्णन २००९ साली आले. लेखक पाच, देशी आणि परदेशी. पुराव्याला जनुकांची तपासणी. आणि दोन्ही भेकांसाठी नवा वंशच स्थापन झालेला. ते नियतकालिक इंटरनेटवर निघणारे, कुणालाही फुकट वाचता येणारे. शेचाळीस वर्षांत बारशाचा सगळा थाटच पालटला.

पण इंटरनेटवर आलेले म्हणजे छापलेले, हे तेव्हा नियमाला मान्य नव्हते. त्याच २००९ साली जर्मनीत सापडलेल्या, माकडांच्या दूरच्या नात्यातल्या एका अतिप्राचीन प्राण्याचा सांगाडा जगभर गाजला. वर्तमानपत्रांत फोटो आले, भाषणे झाली, आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आले की निबंध केवळ संगणकावर असल्याने प्राण्याला अजून कायदेशीर नावच नाही! शेवटी प्रकाशकांनी घाईघाईने पन्नास प्रती कागदावर काढल्या, तेव्हा कुठे बारसे पार पडले. २०१२ साली नियम सुधारला. आता नोंदणी करून संगणकावर प्रसिद्ध केलेले नावही चालते.

उशीर मात्र छापखान्यामुळेच होतो असे नाही. नमुना हाती लागल्यापासून नाव मिळेपर्यंत सरासरी एकवीस वर्षे जातात, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निघाले. मला खोटे वाटले, तेव्हा भाचीने वटवाघळाची गोष्ट सांगितली. १९४८ साली अँगस हटन यांनी तामिळनाडूच्या डोंगरात एक फळखाऊ वटवाघूळ पकडले. नेहमीचेच असेल अशा समजुतीने ते मुंबईला नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात चुकीच्या नावाखाली राहिले. थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी ते नीट पाहिले आणि १९७२ साली सोसायटीच्याच जर्नलमध्ये जाहीर केले की ही नुसती नवी जात नव्हे, नवा वंश आहे. नाव दिले सालिम अलींचे. चोवीस वर्षे ते वटवाघूळ आपल्या मुंबईत बेवारशी पडून होते! पुढे किट्टींनी आपल्या देशात एक चिमुकले वटवाघूळ शोधले. पण त्याचे वर्णन लिहिण्याआधीच, १९७४ साली, ते अकस्मात गेले. लंडनच्या हिल यांनी त्याच वर्षी ते काम पुरे केले आणि त्या वटवाघळाला किट्टींचे नाव दिले. हे ऐकताना मी हातातले निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले.

आता दुसरे टोक पाहा. न्यू गिनीतल्या सोंडकिड्यांच्या एकशे एक नव्या जाती २०१३ साली एकाच निबंधात आल्या. इतकी नावे आणायची कुठून? त्या मंडळींनी सरळ तिथले टेलिफोनचे पुस्तक उघडले आणि त्यातली आडनावे कीटकांना दिली! मला ही युक्ती बेहद्द आवडली. पण २०२१ साली कोस्टारिकातल्या गांधीलमाशीच्या जातकुळीच्या चारशे तीन जाती एका दमात आल्या. वर्णन म्हणजे मुख्यत्वे एक छायाचित्र आणि जनुकांच्या अक्षरांची ओळ. त्यावर मोठे वादळ उठले. एक पक्ष म्हणतो, जंगले जळत असताना मिशा आणि पाय मोजत बसायला वेळ कुणाला आहे? दुसरा म्हणतो, नुसत्या अक्षरांवरून रानात हिंडणाऱ्याने ती माशी ओळखावी कशी? मी दुसऱ्या पक्षाची. भाची काही बोलली नाही. तिने स्वतः प्रत्येक पालीचे खवले भिंगाखाली तीन तीनदा मोजलेले आहेत.

आणि एवढे करून पदरात काय पडते? इथे माझा जीव तुटतो. हल्ली संशोधकाची किंमत त्याचा लेख कोणत्या नियतकालिकात आला यावर, आणि नियतकालिकाची किंमत त्यातल्या लेखांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला यावर ठरते. नव्या पालीच्या निबंधाचा उल्लेख करणार कोण? दुसरा पालवाला! असे जगात असतील किती? न्यूझीलंडमधून २००१ पासून 'झूटॅक्सा' नावाचे नियतकालिक निघते. तेव्हापासून जगात जाहीर झालेल्या नव्या प्राण्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या त्यात आला. साहजिकच त्यातले लेखक त्याच्याच जुन्या अंकांचे दाखले देतात. गावात वाणी एकच असला तर सगळ्यांची उधारी त्याच्याच वहीत सापडायची. २०२० च्या जूनमध्ये क्रमवारी लावणाऱ्या कंपनीने यालाच दोष ठरवून झूटॅक्साला यादीतून काढले. जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांनी ओरड केली, आणि महिन्याभरात कंपनीला निर्णय फिरवावा लागला. पण तो महिना आमच्या घरी काय गेला, हे मला विचारा! भाचीचा पहिला निबंध नुकताच त्यात आलेला, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात नियतकालिकाचा 'आकडा' लिहायचा रकाना होता. ती रात्री जेवायची नाही. "झुरळाने पालीला गिळावे तसे झाले," असे दादा म्हणाला आणि वहिनींनी त्याला गप्प केले.

बरे, दुसरीकडे द्यावे, तर परदेशी नियतकालिकांत निबंध सर्वांना फुकट वाचता यावा म्हणून लेखकाकडूनच पैसे घेतात. रक्कम लाखावरही जाते. शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या मुलीने कुठून आणावे? कोइमतूरहून २००९ पासून एक चांगले नियतकालिक निघते, तेही सर्वांना मोफत वाचता येते. पण नोकरीच्या मुलाखतीत परदेशी नाव जड पडते, असे ती म्हणते.

तिच्या त्या सड्याच्या पायथ्याशी आता खडी फोडण्याचे यंत्र आले आहे. हरकत घ्यावी, तर ती कुणाच्या नावाने? बिनानावाच्या जिवाची बाजू कागदावर मांडता येत नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडातल्या माशाचे नाव २०२० साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी सरकारने ती जागा जैविक वारसा म्हणून घोषित केली. मी म्हटले, "मग लवकर छाप, आणि जागेचा पत्ताही ठळक दे."

"पत्ता देणार नाही, आत्या," ती म्हणाली. चीनमधल्या एका गुहेतल्या पालीचे वर्णन १९९९ साली पत्त्यासह आले. शौकिनांसाठी पाली विकणाऱ्यांनी तो निबंध वाचला, आणि काही वर्षांत मूळ जागी ती पाल उरली नाही. म्हणून हल्ली अशा प्राण्यांच्या निबंधांत नेमकी जागा पुष्कळदा झाकून ठेवतात. खडीवाल्यासाठी पत्ता सांगावा, तर चोर वाचतो; चोरासाठी झाकावा, तर खडीवाला मोकळा. यावर मला काही सुचले नाही. तिने तालुक्याचे नाव ठेवले आहे आणि नेमका पत्ता वनखात्याला वेगळ्या पत्राने कळवला आहे.

नाव काय ठेवणार, हे तिने मला अजून सांगितलेले नाही. आधी फुटले तर घोटाळा होतो म्हणे. माझे नाव नसणार, एवढे मात्र तिने हसत कबूल केले. परवा रात्री तिचा फोन आला. दुसऱ्या परीक्षकाला जुन्या एका जातीशी अधिक तुलना हवी आहे आणि त्या जातीचा मूळ नमुना लंडनच्या संग्रहालयात आहे. तिथे तिने पत्र टाकले आहे. उत्तर आले की खवले पुन्हा मोजायचे, चौथ्यांदा.