एकॉर्न पडलं की हरीण येतं: अमेरिकेतल्या शरदातली शिकार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज लोकलमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

‘आइस एज’ सिनेमातली ती खार आठवते? एका टोपीवाल्या फळामागे जीव टाकणारी? ते फळ म्हणजे एकॉर्न, ओकच्या झाडाचं फळ. आज आपण याच फळामागे धावणाऱ्या दुसऱ्या एका प्राण्याबद्दल बोलणार आहोत: अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण, म्हणजे व्हाइट-टेल्ड डिअर. आणि त्या हरणामागे जाणाऱ्या माणसाबद्दलही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे आजची गोष्ट अमेरिकेतली आहे, तिथेच कायदेशीर आहे, आणि तिथेही लायसन्स, सीझन आणि नियम पाळूनच.

आधी थोडी पार्श्वभूमी

1900 च्या सुमारास बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेत ही हरणं जेमतेम पाच लाखांच्या आसपास उरली होती, असा अंदाज आहे. मग विक्रीसाठीची शिकार बंद झाली, सीझन ठरले. 1937 मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला आणि बंदुका व काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळला. आज ही संख्या तीन कोटींच्या घरात आहे.

पण पूर्वेकडच्या जंगलांतून लांडगे आणि प्यूमा तर कधीच संपवले गेलेत. मग हरणांवर अंकुश कोणाचा? गाड्यांना हरणं धडकण्याचे प्रकार वर्षाला दहा लाखांहून जास्त होतात. जंगलात हरणं ओकची कोवळी रोपं वर येऊच देत नाहीत. म्हणून तिथली राज्यं दरवर्षी ठरावीक काळ शिकारीला परवानगी देतात. पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागात तर रायफल सीझन सुरू झाला की अनेक शाळांना सुट्टी असते. अनेक घरांसाठी ही हिवाळ्याच्या मांसाची बेगमी असते.

‘हरणं गेली कुठे?’

आता मुख्य मुद्दा. ऑगस्टमध्ये संध्याकाळी सोयाबीनच्या शेतात पंधरा-वीस हरणं आरामात चरताना दिसतात. नवखा शिकारी खूश होतो, शेताच्या कडेला जागा हेरून ठेवतो. ऑक्टोबर उजाडतो, हा जाऊन बसतो, आणि शेत रिकामं! शिकाऱ्यांनी याला नावही दिलंय, ‘ऑक्टोबर लल’, म्हणजे ऑक्टोबरची सामसूम.

पण जीपीएस कॉलर लावलेल्या हरणांचा अभ्यास काय सांगतो? या महिन्यात त्यांचं फिरणं कमी होत नाही. हरीण तिथेच असतं, फक्त त्याचं ताट बदललेलं असतं. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना हे पटकन कळेल: सप्टेंबरमध्ये सोयाबीन पिवळं पडायला लागतं आणि कोवळा पाला संपतो. नेमकं त्याच वेळी जंगलात ओकची फळं टपटप पडू लागतात. हिवाळ्यासाठी चरबी साठवायची असताना पिष्ट आणि तेलाने भरलेलं फळ आयतं जमिनीवर मिळतंय, तेही दाट झाडीच्या आडोशाला. मग उघड्या शेतात कोण येईल?

सगळे ओक सारखे नसतात

तुरट चव कशामुळे येते? टॅनिनमुळे. हिरडा चावून बघितलाय कधी? तोंड आवळून येतं ना, तेच. ओकच्या फळात टॅनिन असतं, पण जातीप्रमाणे कमी-जास्त.

अमेरिकेतल्या ओकचे ढोबळ दोन गट आहेत. पांढरा ओक: पानांच्या कडा गोलसर, फळ एकाच हंगामात पिकतं, टॅनिन कमी. लाल ओक: पानांची टोकं अणकुचीदार, फळ पिकायला दोन हंगाम लागतात, टॅनिन जास्त. साहजिकच हरीण आधी पांढऱ्या ओककडे जातं.

गंमत पुढे आहे. पांढऱ्या ओकचं फळ पडल्यावर त्याच शरदात रुजायला लागतं, म्हणून ते फार टिकत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या काही आठवड्यांचा खेळ. लाल ओकचं फळ वसंतात रुजतं, त्यामुळे ते हिवाळ्यातही पाचोळ्याखाली चांगलं राहतं. म्हणजे सीझनच्या सुरुवातीला पांढऱ्या ओकखाली, नंतर लाल ओकच्या आसपास, असा साधा हिशोब.

अजून एक फळ सांगायलाच हवं: पर्सिमन. हे आपल्या टेंभुर्णीचं चुलतभावंडं, दोन्ही एकाच कुळातली. ज्या तेंदूच्या पानांनी विडी वळतात, त्याचाच अमेरिकी नातेवाईक. शरदात त्याची गोड नारिंगी फळं पिकून पडतात आणि हरणं त्यावर तुटून पडतात. रानटी सफरचंदंही तशीच.

जमीन वाचायची कशी?

अनुभवी शिकारी उन्हाळा संपतानाच दुर्बिणीने झाडांचे शेंडे बघतो. कारण ओक दरवर्षी भरभरून फळत नाही. काही वर्षांतून एकदा अख्खं जंगल लगडतं, मधल्या वर्षांत कमी. तुम्हाला वाटेल, भरपूर फळांचं वर्ष म्हणजे शिकाऱ्याची चांदी. उलट! सगळीकडेच जेवण असेल तर हरीण कुठेही जेवेल. कमी फळांच्या वर्षी एखादंच झाड फळलेलं असतं आणि सगळी गर्दी तिथेच होते. ते झाड ज्याला सापडलं, त्याचं निम्मं काम झालं.

झाड सापडल्यावर खाली बघायचं. फोडलेली टरफलं आणि ताज्या ओलसर लेंड्या दिसतात का? पाचोळा खुरांनी उलटापालटा झालाय का? फळाला बारीक भोक असेल तर आतली अळी खाऊन बाहेर पडलेली. टोपीसकट गळून पडलेलं फळही बहुतेकदा किडकंच. मुद्दा असा की झाड ‘आज’ चांगली फळं टाकतंय की नाही, हे पाहिजे. गेल्या आठवड्याची जागा या आठवड्यात शिळी झालेली असू शकते.

मग बसायचं कुठे? थेट झाडाखाली बसणं ही नवख्याची चूक. हरीण रवंथ करणारा प्राणी आहे. ते पटापट पोट भरतं आणि झाडीत जाऊन निवांत रवंथ करत बसतं. पहाटे आणि संध्याकाळी त्याची जास्त हालचाल असते. म्हणून शिकारी विश्रांतीची जागा आणि जेवणाची जागा यांच्या मधल्या वाटेवर बसतो. पहाटे अंधारात फळांच्या झाडाखालून चालत गेला, तर आधीच चरत असलेली हरणं उधळणार हे नक्की.

आणि वारा! हरणाच्या नाकापुढे आपलं काही चालत नाही. वारा हरणाकडून आपल्याकडे येत असेल तरच बसायचं. डोंगराळ भागात संध्याकाळी थंड हवा उताराने खाली वाहते, सकाळी ऊन चढलं की वर जाते. ज्याला हे कळत नाही, त्याचा वास त्याच्या आधी पोहोचतो.

मग मका टाकला तर काय बिघडलं?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. झाड शोधत महिनाभर का फिरायचं? पोतंभर मका ओतला की हरीण येईलच की.

पेनसिल्व्हेनियासह अनेक राज्यांत असं आमिष टाकून शिकार करायला बंदी आहे. काही राज्यांत परवानगी आहे, म्हणून नियम राज्यागणिक बघावे लागतात. बंदीमागचं एक मोठं कारण आजार. ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा हरणांच्या मेंदूचा आजार 1967 मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला. त्यावर उपचार नाही, झालेलं हरीण मरतंच. लाळ, मलमूत्र यांतून तो पसरतो. एकाच ढिगात दहा हरणांनी तोंड घातलं की काय होईल, वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण नीतीचं आहे. भुकेल्या प्राण्याला नेमकं कुठे यावं लागणार, हे तुम्हाला माहीत असणं ही मोठी ताकद आहे. म्हणून तिथले जुने शिकारी नवख्याला आधी ‘कधी मारायचं नाही’ ते शिकवतात. हरीण लांब आहे, फांदी आड येतेय, उजेड कमी झालाय, मागे काय आहे ते दिसत नाही, तर हात आवरायचा. बाण किंवा गोळी चुकीच्या जागी लागली तर हरीण जखमी होऊन पळतं आणि तासन्‌तास तडफडतं. रक्ताच्या थेंबांमागे रात्रभर फिरूनही न सापडलेलं हरीण शिकारी विसरू शकत नाही. आणि माणसाचाही जीव आहेच: झाडावरच्या मचाणावर चढताना सेफ्टी हार्नेस, आणि रायफल सीझनमध्ये अंगावर भडक नारिंगी जॅकेट.

आपल्याकडे याचं काय?

बंदूक बाजूला ठेवा, पण झाड वाचण्याची विद्या इथेही तितकीच उपयोगी आहे. मध्य भारतातल्या जंगलांत वानरं झाडावर खात असली की खाली चितळांचा कळप हमखास दिसतो. वानरं निम्मं खातात, निम्मं टाकतात, ते चितळांचं जेवण. उन्हाळ्यात मोहाची फुलं पडली की तिथेही चितळ येतात. पुढच्या वेळी ताडोबा किंवा पेंचला गेलात, तर गाइडला ‘वाघ कुठे दिसेल?’ विचारण्याआधी एक प्रश्न विचारून बघा: ‘दादा, सध्या कुठल्या झाडाची फळं पडतायत?’

गाइड तुमच्याकडे वळून बघेल, आणि पुढची सफारी वेगळी होईल. काय दिसलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!