सहावी फट

अ‍ॅम्प्लिफायर पहिल्याच दिवशी वाजला, पण त्याला खर्ज नव्हता. पुतण्या बेंजोच्या वरच्या बटणांवर खेळला की आवाज लख्ख यायचा, खाली उतरला की घसा बसल्यासारखा व्हायचा. चार महिने खपून जुळवलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर होता तो. सगळे जोड पुन्हा तपासले, व्होल्टेज मोजले, सगळं आराखड्याबरहुकूम. चूक निघाली ती कागदाच्या एका पट्टीची. ती घालायची राहून गेली होती.

त्या पट्टीपर्यंत पोचायचं तर आवाजाचा रस्ता तारेपासून चालत जायला हवा, आणि तो रस्ता मला अजूनही थक्क करतो.

बेंजो म्हणजे आपल्या वरातीतला, बटणांचा. त्याला बुलबुलतरंगही म्हणतात. मूळचा तो जपानी. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी बनवलेलं ‘ताइशोगोतो’ आपल्याकडे येऊन इतकं मुरलं की आता त्याला कुणी परदेशी म्हणणार नाही. त्याच्या पोलादी तारांखाली पिकअप बसवतात. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे. तार वर थरथरते, चुंबकाचं क्षेत्र तिच्याबरोबर हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज उमटते. तार पिकअपला कुठेही टेकत नाही. इलेक्ट्रिक गिटारचंही हेच तंत्र, म्हणून गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बेंजोला चालतो. मी घेतलेला आराखडा अमेरिकेच्या लिओ फेंडर यांच्या १९५० च्या दशकातल्या ‘चँप’चा. तीन काचेच्या नळ्या, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, दोन ट्रान्सफॉर्मर, एक स्पीकर, बस्स.

पिकअपमधून निघते ती वीज शंभर मिलिव्होल्टच्या आसपासची. तेवढ्यावर स्पीकरचा कागद हलतसुद्धा नाही. ती पहिल्या व्हॉल्व्हमध्ये शिरते, आणि इथे थोडं थांबायला हवं.

काचेच्या आत उभी निकेलची बारीक नळी असते, तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप. नळीच्या पोटातली तार तापली की लेप सातशे-आठशे अंशांवर जातो आणि त्यातून इलेक्ट्रॉन उकळून बाहेर पडतात, उकळत्या पाण्यावर वाफ निघावी तसे. समोरच्या पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर, धन व्होल्टेज असतं. इलेक्ट्रॉन तिकडे झेपावतात. काचेतली हवा काढून टाकलेली असते म्हणूनच त्यांना वाट मोकळी मिळते. १९०४ साली लंडनमध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी इथवर आणलं आणि याला व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, असं नाव दिलं, कारण प्रवाह एकाच दिशेने जातो. दोन वर्षांनी ली डी फॉरेस्ट यांनी मधे तारेची एक जाळी घातली आणि सगळंच बदललं.

रब्बीत ज्याने बारे दिले आहेत त्याला ही जाळी सांगावी लागणार नाही. पाटाला पाण्याचा लोंढा असतो. दाऱ्याशी फावड्याने मूठभर माती इकडची तिकडे केली की अख्खा लोंढा वळतो. माती सरकवायला जोर लागत नाही, जोर पाण्याचाच असतो. जाळीवरची आपली मिलिव्होल्टभर थरथर म्हणजे ती मूठभर माती. जाळी स्वतः जवळपास काहीच वीज घेत नाही, पण तिच्या फटींमधून जाणारा प्रवाह तिच्या तालावर कमी-जास्त होतो. हा प्रवाह असतो एक मिलिअँपिअरच्या आसपास. एक मिलिअँपिअर ऐकायला किरकोळ वाटतं. त्यात सेकंदाला साठ लाख अब्जांहून जास्त इलेक्ट्रॉन असतात, आणि ते सगळे एका तारेची नक्कल करत असतात.

‘१२ एएक्स ७’ या नळीत असे दोन व्हॉल्व्ह एकाच काचेत असतात. एकेक टप्पा आवाज पन्नास-साठ पट वाढवू शकतो. काचेच्या टोकाला आतून चांदीसारखा लेप दिसतो, तो शोभेचा नव्हे. तो बेरियमचा, आत चुकार राहिलेली हवा तो गिळतो. काचेला तडा गेला की तो चांदीचा डाग पांढरा पडतो, आणि नळी मेली हे दुकानातच कळतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या नळ्या घेताना मी आधी तेवढंच बघतो.

पुढे कपॅसिटर. प्लेटवर कायम शे-दीडशे व्होल्ट उभे असतात, ते पुढच्या जाळीवर गेले तर घात. कपॅसिटरच्या दोन पत्र्यांमध्ये वीज न वाहू देणारा पापुद्रा असतो. लाट पलीकडे पोचते, पाणी अलीकडेच राहतं.

मग मोठी नळी, ‘६ व्ही ६’. ती अमेरिकेत बाजारात आली १९३६ च्या अखेरीस. तिच्या जाळीवर साडेबारा व्होल्टचा झोका दिला की तिच्यातून साडेचार वॉट आवाज निघतो. घरात बोलणं बंद पडायला तेवढा पुरेसा.

अडचण अशी की नळीकडे व्होल्ट भरपूर, प्रवाह थोडा. स्पीकरला हवं नेमकं उलटं. नळीला ५,००० ओहमचा भार पाहिजे आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. मधला दलाल म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ५,००० भागिले ८ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५. म्हणजे नळीच्या बाजूला २,५०० वेढे तर स्पीकरच्या बाजूला १००.

बारीकसारीक सामान किटमधून आलं होतं. ट्रान्सफॉर्मर मात्र मागवले नाहीत. लोखंडाच्या वजनाने टपालखर्च फुगतो आणि परदेशी किटचा पॉवर ट्रान्सफॉर्मर बऱ्याचदा ११०-१२० व्होल्टचा असतो, आपली वीज २३० ची. शिवाय विहिरी-बोअरच्या आमच्या मुलखात मोटार रिवाइंडिंगचं दुकान काही दूर शोधावं लागत नाही. मी ३६ गेजची तार पुढे ठेवली तेव्हा वाइंडर म्हणाला, “भाऊ, हे तं केसावानी हाय. पाण्याच्या मोटारीत अशी तार कुठी राहते?” पण त्याने बॉबिनवर दोन दिवसांत वेढे भरले, दर थराला लेदरॉइडचा कागद, वर वार्निश. मी मोजून भरले असते तरी इतके सुबक झाले नसते. एका बाजूचे वेढे दुसऱ्या बाजूला शिवत नाहीत. मधून जातं ते फक्त चुंबकत्व.

शेवटी स्पीकर: कागदी शंकूला चिकटलेली कॉइल चुंबकाच्या फटीत तरंगते, तीही कशाला न टेकता. तार, पोकळी, पापुद्रा, वेढे, कॉइल. आवाज घरभर पोचेपर्यंत पाच फटी ओलांडतो आणि निघालेल्या विजेतला एकही इलेक्ट्रॉन शेवटपर्यंत येत नाही. येतो तो निव्वळ आकार.

आता खर्ज. ट्रान्सफॉर्मरचं लोखंड म्हणजे ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पातळ पट्ट्या. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये त्या आलटून-पालटून, एक इकडून एक तिकडून बसवतात, म्हणजे कुठे फट राहू नये. वाइंडरने सवयीने तसंच केलं. पण एकट्या ‘६ व्ही ६’ मधून ४५ मिलिअँपिअर प्रवाह सतत एकाच दिशेने वाहतो. त्याने लोखंड आधीच भारून जातं. खर्जाला लागणारा मोठा झोका घ्यायला त्यात जागाच उरत नाही. म्हणून इथे सगळे ‘ई’ एका बाजूला, सगळे ‘आय’ दुसऱ्या बाजूला, आणि मधे कागदाची पट्टी. ही सहावी फट मी त्याला सांगायलाच विसरलो होतो.

“काहून? फट ठेवल्यावर जोर वाढते?” परत जाऊन सांगितलं तेव्हा तो म्हणाला. त्याच्या आयुष्यभराच्या अनुभवाच्या हे उलट होतं. वेढे न हलवता त्याने पट्ट्या सोडवल्या, पातळ कागद कापून घातला, आवळलं.

घरी जोडताना नेहमीचा नेम: प्लग काढलेला, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करून मीटरने मोजलेले, एक हात खिशात. आतले तीनशेवर व्होल्ट प्लग काढल्यानंतरही तिथेच बसून असतात. सुरू केल्यावर हलका गुंजारव आला. नळ्या तापवणाऱ्या तारा पीळ देऊन नेल्या नाहीत की ५० हर्ट्झचा घुमतो, गाळणी कमी पडली की १०० चा, म्हणजे त्याच्याच वरचा सा. कानाने सांगता येतं कुठे हात घालायचा. हा वरचा होता. एक कपॅसिटर बदलला, गेला.

वाइंडर बेंजो ऐकायला आला. पुतण्याने सगळ्यात खालची तार छेडली आणि वाइंडरने काही न बोलता तळवा स्पीकरच्या जाळीवर ठेवला. मग पुतण्या जोरात वाजवू लागला. नळी भरली की ती आवाज कापत नाही, हळूहळू दाबते, आणि त्यात मूळ सुराचा वरचा सा मिसळू लागतो, जणू कुणी मागून आपणहून साथ धरावी. गेली साठ-सत्तर वर्षं गिटारवाले याच भरलेपणामागे आहेत; १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांनी फेंडरच्याच आराखड्यावरून आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर केला तोही याच्यासाठी.

रात्री स्विच बंद केला. पुतण्याचं बोट अजून तारेवरच होतं. लेप गरम होता, कपॅसिटरमध्ये थोडी वीज शिल्लक होती. बंद अ‍ॅम्प्लिफायर पाच-सहा सेकंद वाजत राहिला, बारीक, आणखी बारीक होत, आणि वाइंडरचा तळवा तोवर जाळीवरच होता.