ऋद्धिपूरची महानुभाव तत्त्वचर्चा

अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर (रिद्धपूर) येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथीयांत चाललेली तत्त्वविचाराची परंपरा. पंथाच्या पंचकृष्णांपैकी गोविंदप्रभू (गुंडम राऊळ) यांचे वास्तव्य येथे होते. त्यांचे शिष्य व पंथाचे संस्थापक चक्रधर यांनी सु. १२७४ मध्ये उत्तरेकडे प्रयाण केल्यावर त्यांचा शिष्यपरिवार नागदेवाचार्य (भटोबास) यांच्यासह गोविंदप्रभूंच्या सेवेसाठी ऋद्धिपुरास येऊन राहिला.

शांकर अद्वैतानुसार जीव व ब्रह्म यांतील भेद अज्ञानमूलक असून ज्ञानाने तो नाहीसा होतो. महानुभावांना हे मान्य नाही. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ ते अनादी व परस्परांहून भिन्न मानतात. जीव बद्धमुक्त, म्हणजे बद्ध असला तरी मुक्त होण्यास पात्र. देवता नित्यबद्ध, त्यामुळे मोक्ष देण्यास असमर्थ. परमेश्वर मात्र नित्यमुक्त. मोक्षातही जीव परमेश्वर होत नाही, त्याच्या आनंदाचा भोक्ता होतो. याच जिल्ह्यातील माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांनी मधुराद्वैतात अद्वैत न सोडता कृष्णभक्ती प्रतिपादिली. महानुभाव भूमिकेशी तिचा मेळ बसणे कठीण आहे.

मनुष्यदेहाने अवतरलेल्या परमेश्वराचे सन्निधान लाभल्यावाचून उद्धार नाही, या सिद्धांतातून एक पेच उद्भवतो. अवतार निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांनी काय करावे? त्याचे नाम, रूप, लीळा व वचने यांचे स्मरण, हे पंथाने दिलेले उत्तर. साहजिकच चक्रधरांचे शब्द नेमके कोणते व ते कोणत्या प्रसंगी उच्चारले, हा केवळ पांडित्याचा प्रश्न राहिला नाही. वादासाठी आलेला आणि शिष्य झालेला पंडित म्हाइंभट याने गावोगावी हिंडून आठवणी गोळा केल्या व नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून सु. १२७८ मध्ये लीळाचरित्र सिद्ध केले. केशिराजबासांनी चक्रधरांची वचने निवडून सूत्रपाठ रचला.

या चर्चेत प्रश्न विचारण्याचा अधिकार पंडितांपुरता नव्हता. महदाइसा (महदंबा) ही धवळ्यांची कर्ती कवयित्री चक्रधरांना सतत प्रश्न विचारी. तिच्या जिज्ञासेचे त्यांनी कौतुकच केले. पुढे संस्कृतज्ञ शिष्य संस्कृतातून विचारू लागले, तेव्हा चक्रधरांनी आपणास मराठीतच सांगितले, तीतच पुसावे, असे नागदेवाचार्यांनी बजावले. केशिराजांना संस्कृत ग्रंथरचनेपासूनही त्यांनी परावृत्त केले. तसे झाल्यास पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. मराठी गद्याचा पाया घालणारा हा निर्णय भाषाभिमानापेक्षा श्रोत्यांच्या काळजीतून झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मतभेद दडपून टाकण्याऐवजी नोंदवून ठेवण्याकडे या परंपरेचा कल दिसतो. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली. ते पुन्हा स्मरणाने सिद्ध करताना ज्याचा पाठ त्याच्या नावानिशी भिन्न पाठही लिहिले गेले. संदर्भावेगळ्या सूत्राचे अनेक अर्थ संभवतात, म्हणून त्यांचे प्रसंग सांगणारी ‘प्रकरणवश’ ही रचना झाली. तरीही एकमत टिकले नाही. नागदेवाचार्यांनंतरच्या काळात गुरुपरंपरांनुसार पंथात तेरा आम्नाय निर्माण झाले. त्यांपैकी उपाध्ये व कवीश्वर हे प्रमुख होत.

ग्रंथ पुढे सकळ लिपी व अन्य सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. परक्यांपासून पावित्र्य राखण्याचा हेतू यातून साधला, परंतु सर्वांना कळावी म्हणून मराठीत ठेवलेली चर्चा पंथाबाहेरील मराठी वाचकाला शतकानुशतके अगम्य झाली आणि महानुभावांविषयीचे गैरसमज बळावले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला. त्यानंतर य. खु. देशपांडे, ह. ना. नेने व वि. भि. कोलते या विदर्भातील संशोधकांनी पंथीय महंतांकडील पोथ्या मिळवून अभ्यासिल्या. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. ऋद्धिपूर येथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले.